हिलाल आप्पांच्या बहिणी

हिलाल आप्पा कुणाकडे वर्गणी मागत नाहीत. ते समोरच्या माणसाला नीट न्याहाळतात, हातातली छत्री भिंतीला टेकवतात आणि विचारतात, "तुम्हले बहीन शे का?"

या प्रश्नाने आमच्या धुळ्यात, निदान देवपूर भागात, आजवर बरेच घोटाळे झाले आहेत. नव्याने बदलून आलेल्या एका बँक मॅनेजरांना वाटलं की हे गृहस्थ स्थळ घेऊन आलेत. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, बहीण एम.कॉम. झाली आहे, स्वयंपाक उत्तम करते, असं सगळं सांगितलं आणि मुलगा काय करतो म्हणून विचारलं. आप्पांनी चहा संपवला. मग म्हणाले की एक आहे ना, आता आणखी एक घ्या. दुसरी पिंपळनेरच्या वरच्या अंगाला राहते, वय पन्नाशीचं, डाव्या डोळ्याने दिसत नाही. मॅनेजरसाहेबांना हा प्रकार उमगायला बराच वेळ लागला. आता ते दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन पिंपळनेरकडे जातात आणि घरी सांगतात की बहिणीकडे जाऊन येतो.

कागदोपत्री आमच्या संस्थेचं नाव 'खान्देश स्त्री-आरोग्य साहाय्य निधी' असं भारदस्त आहे. ते अध्यक्ष डॉक्टरबाईंखेरीज कुणाला धड पाठ नाही. लोक नुसतं 'आखाजीचा फंड' म्हणतात. मी या फंडाचा चिटणीस. उभा जन्म विम्याच्या पॉलिशा विकण्यात गेला, त्यामुळे माणसाच्या खिशातून पैसा कसा काढावा हे मला बऱ्यापैकी कळतं अशी माझी समजूत होती. आप्पांच्या शेजारी राहायला आल्यापासून ती समजूत मी फारशी बोलून दाखवत नाही.

खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. इतर ठिकाणी त्या दिवशी गुंजभर सोनं घेतात. आमच्याकडे लेकी घरी आणतात. सासरी गेलेली लेक आखाजीला माहेरी आलीच पाहिजे, आणि ती आपणहून येत नाही. तिला न्यायला माहेरचा माणूस जातो. त्याला म्हणायचं मुऱ्हाळी आणि त्याने नेलेल्या बोलावण्याला म्हणायचं मूळ. एकदा दारात मूळ आलं की कितीही खाष्ट सासू असो, ती सुनेला अडवत नाही. अडवलं तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही.

आप्पा एस.टी.त कंडक्टर होते. पिंपळनेर, शिंदखेडा, यावल, कुठली म्हणून गाडी त्यांनी सोडली नव्हती. आखाजीच्या आदल्या दिवशी गाड्या लेकींनी भरून वाहायच्या. नव्या साड्या, कडेवर पोरं, मांडीवर पिशव्या, आणि शेजारी रुबाबात बसलेला मुऱ्हाळी. आप्पा सांगतात की त्या गर्दीपेक्षा त्यांचं लक्ष थांब्यावर मागे राहणाऱ्या बायांकडे जायचं. गाडी आली की त्या उठून उभ्या राहायच्या, आत कोण कोण आहे ते बघायच्या आणि गाडी निघाली की घरी जायच्या. तिकीट काढायला त्या आलेल्याच नसत. ज्यांच्या माहेरी कुणी उरलेलं नाही, किंवा उरलेल्यांना यांची आठवण नाही, अशा बाया.

त्या बायांसाठीच हा फंड आहे. पहिल्या वर्षी डॉक्टरबाईंनी गावोगावी रीतसर आरोग्य शिबिरं ठेवली होती. मंडप घातला, लाउडस्पीकर फिरवला, आणि तपासून घ्यायला आले ते गावातले धडधाकट पुरुष. बाया आल्याच नाहीत. घरकाम टाकून, सासूला विचारून, नवऱ्याकडे गाडीभाडं मागून आपलं दुखणं दाखवायला शहरात जाणं ही गोष्ट त्यांना जमण्यातली नव्हती. डॉक्टरबाई हताश होऊन बसल्या होत्या. तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले आप्पा तिथे कशासाठी आले होते देव जाणे, पण ते म्हणाले की शिबिराला कोण येणार, तुम्ही मूळ धाडा.

तेव्हापासून आमचा फंड मूळ धाडतो. जीप घेऊन मुऱ्हाळी जातात. हे मुऱ्हाळी म्हणजे निवृत्त मास्तर, पोस्टमन, असे लोक. आप्पा त्यांची आधी शिकवणी घेतात. डोक्याला टोपी हवी. हातात खाऊची पिशवी हवी. दारातून हाक मारायची नाही, ओसरीवर जाऊन खाटेवर बसायचं. पाणी प्यायचं, चहा प्यायचा, पाऊसपाण्याची चौकशी करायची, सासूच्या गुडघ्याची तर आवर्जून करायची. मग म्हणायचं की बहिणीला आखाजीला न्यायला आलो. दवाखान्याचं लपवायचं नाही, पण ते उठता उठता सांगायचं, की तिकडे आलीच आहे तर जाता जाता डोळे, रक्त सगळं दाखवून घेऊ. गंमत म्हणजे यात कधी कुणी खोट काढत नाही. माहेरी गेलेल्या लेकीचं दुखणं माहेरच्यांनी बघायचंच असतं, असं सगळ्यांना मुळातच मान्य आहे.

वर्गणी देणाऱ्यालाही सुटका नाही. मी पहिल्या वर्षी मोठ्या रुबाबात चेक लिहून आप्पांच्या पुढे धरला. ते म्हणाले, "चेक ठी द्या. पहिले बहीनले भेटी या." म्हणून मला भर उन्हात यावलला जावं लागलं. माझ्या वाट्याला आलेली कलाबाई केळीच्या बागेत कामाला होती. तिने मला बांधावर बसवलं, स्वतःच्या डब्यातली भाकरी खायला लावली आणि निघताना मालकाला विचारून केळ्यांचा एवढा मोठा घड दिला की एस.टी.त माझ्या शेजारच्याला उभं राहावं लागलं. तिला साखरेचा त्रास आहे. वर्षभराची औषधं माझ्याकडे, तपासणीची आठवण माझ्याकडे. इतकं केल्यावर आप्पांनी माझा चेक घेतला. पॉलिसी घेतलेली माणसं हप्ते बुडवतात हे मी अनेकदा पाहिलं आहे. आप्पांनी बहीण दिलेला माणूस हप्ता बुडवत नाही.

आप्पांच्या समोर काही शब्द काढायची बंदी आहे. 'देणगीदार' म्हटलं की ते ऐकू न आल्यासारखं करतात. एकदा कुठल्याशा खात्याचे एक अधिकारी आले आणि त्यांनी लाभार्थी किती म्हणून विचारलं. आप्पा म्हणाले, "आठे लाभार्थी एक बी नही. लेकी शेतस." आमच्याकडे 'आठे' म्हणजे इथे. अधिकाऱ्यांनी रकाना दाखवला. आप्पांनी तो रकाना बराच वेळ बघितला आणि मग त्यांना रकान्यासकट जेवायला बसवलं.

औषधाच्या बाबतीतही त्यांचं एक तंत्र आहे. बाया परत जाताना बोळवणीची पिशवी मिळते. साडी, सांजोऱ्या, कुरडया. औषधं त्या सांजोऱ्यांच्या खाली. डॉक्टरबाईंनी हा काय प्रकार म्हणून विचारलं, तर आप्पांचं म्हणणं असं, की औषधाची पिशवी कुठल्याही घरात खुंटीला लागते आणि तिथेच राहते, पण सांजोऱ्यांची पिशवी तळापर्यंत रिकामी केल्याशिवाय कुणी ठेवत नाही. त्यांच्या प्रत्येक युक्तिवादाचा शेवट 'रीत म्हंजे रीत' असा होतो. जी रीत त्यांनी काल रात्री स्वतः तयार केलेली असते, तिलाही ते हेच म्हणतात.

आता या वर्षीची गोष्ट सांगतो.

गेली काही वर्षं फंडाचा मुक्काम एका शेठच्या मंगल कार्यालयात असायचा. जेवणाचा आणि ऑपरेशनांचा मोठा भारही तेच उचलत. शेठ माणूस वाईट नाही. फक्त या वर्षी त्यांच्या डोक्यात कुणीतरी भरवलं की एवढं करता तर दिसू द्या. त्यांनी व्यासपीठ आखलं. मागे त्यांच्या फोटोचा भला मोठा फलक लावायचा, लेकींनी एकेक करून वर यायचं, शेठच्या हातून साडी घ्यायची, कॅमेऱ्याकडे बघायचं, खाली उतरायचं. आम्ही दोघे त्यांच्या पेढीवर गेलो होतो तेव्हा त्यांनी हे सगळं उत्साहाने सांगितलं. मी मनातल्या मनात म्हटलं की होऊन जाऊ दे, दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे. आप्पांनी छत्री भिंतीला टेकवली.

"शेठ, लेक घर उनी ते तिना फोटू काढीसन गावले दखाडतस का?"

शेठ गोरेमोरे झाले. म्हणाले, पैसे माझे आहेत. आप्पा म्हणाले, हो, पण लेकी माझ्या आहेत. मी दोघांच्या मधे काहीतरी मिळमिळीत बोललो, ते कुणी ऐकलं नाही. संध्याकाळी निरोप आला की कार्यालय आखाजीच्या दिवशी एका लग्नाला दिलेलं आहे. जेवणाचं आणि बाकीचंही आपलं आपण बघावं.

आखाजी तोंडावर आलेली. तो साडेतीन मुहूर्तांपैकी एक, त्यामुळे गावातलं प्रत्येक कार्यालय, प्रत्येक लॉन, शाळांची मैदानंसुद्धा लग्नांनी भरलेली. आणि मूळ गेलेलं. निरोप पोचले होते. डोंगरपट्ट्यातल्या पाड्यांवर, शिंदखेड्याकडच्या कोरड्या गावांत बाया पिशव्या भरून तयार होत्या.

आमच्या ओसरीवर बैठक बसली. डॉक्टरबाईंनी व्यवहाराची गोष्ट सांगितली, की पंधरा दिवस पुढे ढकलू, तोवर जागा मिळेल, पैशांचंही बघता येईल, डोळे काही पंधरा दिवसांत जात नाहीत. मला ते पटलं. आप्पा मात्र गप्प. एरवी हा माणूस गप्प बसला तर आम्हाला बरं वाटतं, त्या दिवशी भीती वाटली. एवढे खचलेले आप्पा मी कधी पाहिले नव्हते.

मग ते बोलले. आप्पांच्या तोंडात ळ टिकत नाही. डोळ्याचा डोया होतो आणि मुळाचं मूय. "मूय गयं, डॉक्टरबाई. ती दारमा उभी राही. बठ्ठं गाव दखी. आनि गाडी येवाव नही." सगळं गाव बघणार आणि गाडी येणार नाही. मग पुढच्या वर्षी तिला कुणी पाठवणार नाही, आणि तीही कधी पिशवी भरणार नाही. मी थांब्यावर बघितलंय, म्हणाले.

माझी बायको शोभा तेव्हा आतल्या अंगणात कुरडयांचा चीक घाटत होती. हात भरलेले, कपाळावर घाम. ती तशीच दारात आली आणि म्हणाली, "दोघी आपल्याकडे राहतील. मागच्या खोलीत कूलर आहे." एवढं बोलून ती परत गेली, कारण चीक खाली लागत होता.

खरं सांगायचं तर तो कूलर माझा आहे. मी त्याच्यासमोर झोपतो. पण धुळ्यातल्या उन्हाळ्यात ज्या बाईने आपल्या नवऱ्याचा कूलर न विचारता देऊन टाकला, तिच्यापुढे तोंड उघडायची माझी हिंमत झाली नाही. आप्पा उठले. त्यांनी छत्री घेतली आणि शेजारच्या घरी गेले. मी चपला शोधत त्यांच्या मागे.

त्या संध्याकाळी मी जे पाहिलं ते विम्याच्या कुठल्याही ट्रेनिंगमधे शिकवत नाहीत. ज्या घरांतून मी वर्षानुवर्षं शंभराची पावती फाडू शकलो नव्हतो, त्या घरांनी खोल्या दिल्या. आधी एका घराने एक लेक घेतली. समोरच्या घराने विचारलं, त्यांनी किती घेतल्या? एक? मग आमच्याकडे दोन. हे ऐकून पहिल्या घरातल्या वहिनी चिडल्या आणि त्यांनी माळ्यावरच्या गाद्या काढल्या. पलीकडच्या गल्लीत एका वकिलांकडे आप्पा गेलेच नाहीत, गडबडीत राहून गेलं, तर वकील स्वतः रुसून आले की आमच्या घराला काय झालंय. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्याने कार्यक्रम होईपर्यंत दळण फुकट केलं. एका घरी आंब्याच्या पेट्या उतरल्या. खापरावरच्या पुरणपोळ्या करणाऱ्या दोन बाया आपापली खापरं घेऊन हजर झाल्या आणि चूल कुणाच्या अंगणात मांडायची यावरून भांडल्या. औषधांच्या दुकानदारांनी आपसांत काय ठरवलं माहीत नाही, पण डॉक्टरबाईंची यादी त्यांनी ओसरीवरूनच उचलून नेली, आणि ऑपरेशनांचा खर्च डॉक्टरबाईंच्या ओळखीच्या डॉक्टरांनी वाटून घेतला. आप्पा प्रत्येक दारात एवढंच विचारत होते, "बहीन शे का?" आणि लोक म्हणत होते, द्या.

मूळ गेलेली एकही बाई गाडीची वाट बघत दारात ताटकळली नाही. सगळ्या जीपा वेळेवर सुटल्या.

फक्त एक जीप चुकली, आणि ती कशी चुकली हे सांगायलाच हवं. पिंपळनेरच्या वरच्या एका पाड्यावर आमचे चौधरी गुरुजी मुऱ्हाळी म्हणून गेले होते. तिथली यशोदा नावाची सून आणायची होती. तिचं रक्त फार कमी, तिला माहेर नाही. गुरुजी खाटेवर बसले, चहा झाला, पाऊसपाणी झालं, गुडघे झाले. मग त्यांनी मूळ सांगितलं, आणि यशोदाची सासू, धुरपाबाई, जी तोवर भिंतीला टेकून बसली होती, ती कडाडली. "ती काल उनी. मना आठे जनम गया. माले लेवाले कोनी उना का?" तिचा उभा जन्म इथे गेला, पण तिला न्यायला कधी कुणी आलं नव्हतं.

आता गुरुजींना आप्पांची एक शिकवण आठवली, की जी बाई नाही म्हणेल तिलाही बोलवा. बोलावलं की राग जातो आणि शक्यतो कुणी येत नाही. गुरुजींनी बोलावलं. धुरपाबाई उठली, साडी बदलली, पिशवी घेतली, जीपमधे पुढच्या सीटवर बसली आणि सुनेला म्हणाली की शेळ्या बांध. यशोदा दारात राहिली. गुरुजी पुढे काही बोलेपर्यंत ड्रायव्हरने गाडी काढली होती. सुनेऐवजी सासू घेऊन येणारा मुऱ्हाळी खान्देशात हा पहिलाच असावा.

जीप आमच्या गल्लीत आली तेव्हा गुरुजींचं तोंड बघवत नव्हतं. डॉक्टरबाई कपाळाला हात लावून उभ्या. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उनी ते उनी. जी दारमा उनी ती लेक." शोभाने पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग घरात शिरून धुरपाबाईने पहिली सूचना केली की पाणी गरम होतं.

अशी लेक कुठल्या घरी द्यायची हा मोठाच प्रश्न पडला. तोवर तिने वाटेत ड्रायव्हरला कसं झापलं याच्या कथा गल्लीभर झाल्या होत्या. माझ्याकडे बघून काही उपयोग नव्हता, मी तर माझी खोली आधीच गमावून बसलो होतो. शेवटी आप्पा म्हणाले की माझ्याकडे. आम्ही चकित झालो. आप्पांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, आणि त्यांच्या घरात चहापलीकडे कुणाला थांबू दिल्याचं मला आठवत नाही. उभ्या खान्देशाला या माणसाने बहिणी वाटल्या, आणि स्वतःच्या वाट्याला आली ती दुसऱ्याची सासू.

दुसऱ्या दिवशी तपासणीत कळलं की धुरपाबाईचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने पिकलेत. ती अंदाजाने वावरत होती आणि आवाजाने दरारा ठेवत होती. एका डोळ्याचं ऑपरेशन लगेच ठरलं. ते ठरल्यावर ती आप्पांना म्हणाली, "मनी सूनले बी लई या. तिले चक्कर येतस. माले दिसस नही, पन समजस." आप्पांनी तिथल्या तिथे जीप परत पाठवली. या खेपेला गुरुजींना चहा पिण्याचीही परवानगी नव्हती.

यशोदा आली आणि आमच्याकडे उतरली. मग आखाजी झाली ती अशी झाली की मी आजवर तशी बघितलेली नाही. कार्यालयात असताना लेकी सतरंजीवर ओळीने झोपायच्या, ओळीने जेवायच्या. या वेळी प्रत्येकीला घर होतं. कुणी वहिनीबरोबर बाजारात बांगड्या भरून आली, कुणी दुपारी पंख्याखाली ढाराढूर झोपली, आणि तिला कुणी उठवलं नाही. कडुनिंबाच्या झाडाला झोका बांधला होता, त्यावर साठीच्या बाया आळीपाळीने बसत आणि खालच्या तरुण पोरींना जोरात ढकलायला सांगत. ऑपरेशनं झाली, चष्म्याचे नंबर निघाले, रक्ताच्या बाटल्या चढल्या. यशोदाच्या गालांवर तिसऱ्या दिवशी जरा रंग आला, तेव्हा शोभा सगळ्या गल्लीला बोलावून दाखवत होती.

आणि शेठ. आखाजीच्या सकाळी एक रिक्षा आप्पांच्या दारात थांबली आणि त्यातून शेठच्या आई उतरल्या. काठी टेकत आत आल्या आणि विचारू लागल्या की माझ्या वाटणीची लेक कुठे आहे. आप्पांनी विचारलं, फोटो काढणार का? त्या म्हणाल्या, मला ताटातलं दिसत नाही, फोटो काय करू? आप्पांनी त्यांना एक नाही, दोन लेकी दिल्या, आणि जाताना त्यांचेही डोळे तपासून घेतले. दुपारी शेठ आपल्या घरात आपल्या हाताने आमरस वाढत होते असं त्यांच्याच शेजाऱ्याने सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते ओसरीवर आले. आप्पांनी त्यांना फार बोलू दिलं नाही. बहीण आहे का, एवढंच विचारलं. शेठ म्हणाले, आता दोन आहेत. डॉक्टरबाईंनी जाहीर केलं की पुढच्या वर्षीपासून मुक्काम घरांतच. तो निर्णय कधीच झाला होता, त्यांना कळायला थोडा उशीर झाला.

इकडे आप्पांच्या घरात वेगळंच राज्य सुरू होतं. ऑपरेशननंतर धुरपाबाईला वाकायची आणि धुराजवळ जायची बंदी. ती काळा चष्मा लावून खाटेवर बसे आणि तिथून स्वयंपाक करवून घेई. आप्पा चुलीशी. मीठ टाक. आखो थोडं टाक. हलव. बस कर. आयुष्यभर दुसऱ्यांना पुढे सरका, मागे सरका सांगणारा माणूस मुकाट्याने हलवत होता. तिने वासावरून हुडकून त्यांची करपलेली कढई अंगणात फेकली, दाराआड टांगलेले तीन सदरे धुवायला लावले, आणि एक दिवस दुपारी ते नेहमीप्रमाणे उपाशीपोटी हिंडायला निघाले तेव्हा खाटेवरून ओरडली, "भाऊ, पहिले जेवी ले." मी दारातच होतो. आप्पा जागच्या जागी थांबले. छत्री कोपऱ्यात ठेवली, हात धुतले आणि जेवायला बसले. इतक्या निमूटपणे त्यांना मी कुणाचं ऐकताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी जेवून उठल्यावर त्यांनी मला उगीचच तीन-तीनदा सांगितलं की वरणात मीठ बरोबर होतं.

बोळवणीचा दिवस उजाडला. गल्लीत जीपा लागल्या. आमच्या भागात बोळवणीला रडायची रीत आहे, आणि सगळ्यांनी ती मनापासून पाळली. शोभाने यशोदाची ओटी भरली, पिशवीत सांजोऱ्या, तळाशी लोहाच्या गोळ्या, आणि तिच्या गळ्यात पडून रडली. वकीलही रुमाल काढून उभे होते. आप्पा या वेळी सहसा सापडत नाहीत. जीपच्या टायरांत हवा आहे का, डिझेल भरलं का, असलं काहीतरी ते लांब उभे राहून बघत असतात. या वर्षीही ते मागच्या टायराला लाथ मारून बघत होते.

धुरपाबाई त्यांच्या घरातून निघाली. डोळ्याची पट्टी त्याच सकाळी सुटली होती. ती थेट त्यांच्यापुढे येऊन थांबली, काळा चष्मा वर केला आणि त्यांचा चेहरा नीट बघितला. चार दिवस तिने हा माणूस नुसता आवाजावर ओळखला होता. बराच वेळ बघून ती म्हणाली, "भाऊ, दिवाईले मना घर ये."

असं बोलावणं सगळ्याच लेकी करतात. आप्पांचं ठरलेलं उत्तर असतं, की बघू, गाडी मिळाली तर येतो, आणि ते कधी कुठे जात नाहीत. इतक्या वर्षांत ते कुणाच्याही घरी राहायला गेल्याचं मला ठाऊक नाही. मला वाटलं, तेच म्हणतील.

आप्पांनी टोपी काढली. हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. मग अगदी हळू, शेजारी उभ्या असलेल्या मलाही जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले, "मूय धाड मंग. बिगर मूयना मी येवाव नही."

पुरुषाला कुणी मूळ धाडत नाही. मी हसणारच होतो, पण आप्पांचा चेहरा बघून तोंड मिटलं. ते थट्टा करत नव्हते. सत्तरी ओलांडलेला तो माणूस आपल्यालाही न्यायला कुणीतरी यावं म्हणून त्या बाईकडे बघत होता.

धुरपाबाई हसली नाही. तिने चष्मा खाली केला, पिशवी सावरली आणि जीपमधे पुढच्या सीटवर जाऊन बसली. काचेतून हात बाहेर काढून म्हणाली, "धाडसू. सदरा धोयेल ठेव."